चार मोर

प्लिमथच्या धक्क्याला जहाज लागतं आणि पेटी येते.
पेटीत रेशमाची गुंडाळी,
मालवाहू जहाजामागे दोरानं बांधून
अटलांटिकभर ओढत आणलेली,
फॉर्मॅलिनच्या उग्र वासाची.
"तुझं माहेरचं पार्सल," टॅम्सिन म्हणते.
तिला मी एकदाच सांगितलं होतं
येवल्यातल्या आमच्या मागाबद्दल.

चार बोटं रेशीम म्हणजे दहा मैल समुद्र.
तो काचेखाली धरायचा
आणि चिकटलेले जीव मोजायचे.

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेविसाव्या वर्षी,
आणि तोही लांबूनच, चपला हातात घेऊन.
आता त्याची कणी कणी ओळखते.
हा कोपेपॉड. तांदळाच्या चुरीएवढा,
दोन लांबलचक मिशा,
पोटात तेलाचा एक थेंब,
हिवाळ्याची बेगमी.
या थेंबावर सँडईल पोसतात,
सँडईलवर पफिनची पिल्लं,
आणि कुठल्या तरी बंदरावर
कागदात गुंडाळलेलं कुणाचं तरी रात्रीचं जेवण.

डेरिक हॉस्किंग निवृत्त झालेत,
पण दर गुरुवारी येतात, खिशात आल्याची बिस्किटं.
त्यांच्या जुन्या वहीत, कोरीव अक्षरात,
याच वाटेवर, याच महिन्यात: साठ.
माझ्याकडे: चार.
"उत्तरेला गेले," ते म्हणतात,
भाडेकरूंबद्दल बोलावं तसं.
"पाणी तापलं, मग कोण थांबेल?"
मोकळ्या जागेत दक्षिणेकडचे आलेत,
दिसायला हुबेहूब.
पाचव्या पायाच्या वळणावरून ओळखायचे.
आणि पोटातला थेंब,
बारीक.

मंगळवारी एक निळा धागा दिसला.
मला वाटलं, माझ्याच स्वेटरचा.
बाही तपासली. स्वेटर करडा.
सुईनं उचलायला गेले तर तो एका मिशीत अडकलेला,
मिशी तुटली.
डेरिकच्या वहीत धाग्याला रकाना नाही.
आमच्याकडे आहे. त्यात मी एक लिहिला,
मग दोन,
मग त्या दिवशी चहाला उठले नाही.

दादा असते तर म्हणाले असते, उसव.
बाण्यात चुकीचा रंग गेला
की ते धोटा ठेवून द्यायचे,
दिवसभराचं विणलेलं मागे नेत
तार न् तार मोकळी करायचे,
गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी.
समुद्राला कुठून उसवायचा?

असते तर, असं का लिहिलं मी?
दादा आहेत. नजर गेली आहे, एवढंच.
रविवारी फोनवर विचारतात,
रेशीम खरं आहे ना?
खरं आहे.
उलट्या बाजूनं पाहिलंस का?
पैठणीची पारख उलटीकडून.
सुलट काय, कुणीही चकाकवतो.

शनिवारी टेकडीवर गेले होते.
खाली खाडी लखलखत होती,
शिडाच्या होड्या, आइस्क्रीमची रांग,
एक पोरगं दोरीला बेकनचा तुकडा बांधून
खेकडे काढत होतं आणि परत सोडत होतं.
तीच ती सुलट बाजू.
मी पण आइस्क्रीम घेतलं. का नाही घ्यायचं?
चांगलं होतं.

दादांना कोपेपॉड म्हणता येत नाही.
ते मोर म्हणतात.
पदरावर मोर भरतात, तसेच हेही
रेशमावर भरलेले, त्यांच्या हिशेबानं.
आज किती मोर झाले?
चार.
फोनमध्ये बराच वेळ काही नाही.
मागाचा आवाज येतो, आता भाऊ बसतो त्यावर.
"चार मोरांवर पदर होत नाही, पोरी,"
आणि मग, जरा थांबून,
"नीट मोजलेस ना?"

नीट मोजलेत, दादा.
उद्या पुन्हा मोजेन.
पेटीत अजून अकरा हात रेशीम आहे.